शॉकची भीती, चुंबकाची फी आणि आपले सिव्हिल



मानसिक आजारावर चार ओळी लिहिल्या की पहिला टोमणा आपल्याच माणसाकडून येतो. "हे पैसेवाल्यांचे चोचले आहेत. ज्याला दोन वेळच्या भाकरीची भ्रांत आहे त्याला कसले आलेय डिप्रेशन?" हा टोमणा मारणाऱ्याने राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा २०२२ सालचा अहवाल एकदा उघडून बघावा. त्या एका वर्षात देशात १,७०,९२४ माणसांनी आत्महत्या केल्या. त्यात सर्वात मोठा गट रोजंदारीवर राबणाऱ्यांचा, म्हणजे २६.४ टक्के. दर चार माणसांमागे एक जण हातावर पोट असलेला. राज्यांच्या यादीत पहिला नंबर आपल्या पुरोगामी महाराष्ट्राचा, २२,७४६. त्या अहवालात मेलेल्या माणसाचे वय आहे, शिक्षण आहे, उत्पन्न आहे, लग्न झाले होते की नव्हते तेही आहे. जातीचा तक्ता तेवढा छापलेला नाही. ज्या देशात सोयरिकीपासून स्मशानापर्यंत सगळे जातीने ठरते, तिथे मरणाच्या अहवालात जात सापडू नये, याला योगायोग म्हणायला मी तयार नाही.

तेव्हा चोचल्यांचा मुद्दा इथेच संपला असे धरतो आणि विषयावर येतो.

विषय आहे मेंदूला वीज किंवा चुंबक लावून करायच्या उपचारांचा. इंग्रजी वर्तमानपत्रांच्या आरोग्य पुरवण्यांत यावर रकानेच्या रकाने येतात. मोठ्या शहरांतल्या खाजगी दवाखान्यांच्या जाहिरातीत डोक्यावर यंत्र धरलेला हसरा माणूस दिसतो. आपल्या चळवळीत मात्र यावर एक शब्द नाही. आपण आरक्षणावर बोलतो, शिष्यवृत्तीवर बोलतो, संविधानावर बोलतो. आरोग्यावर बोललोच तर रक्तदान शिबिरापाशी थांबतो. माझे म्हणणे आडपडदा न ठेवता सांगतो. सोलापूर, धाराशिव आणि सीमेपलीकडच्या विजापूर-कलबुर्गी पट्ट्यातून जी माणसे औषधपाण्यासाठी सोलापूरला येतात, त्यांच्यासाठी सोलापूरच्या सरकारी रुग्णालयात या उपचारांचे प्रादेशिक केंद्र पूर्ण ताकदीने चालले पाहिजे. ते फुकट असले पाहिजे. आणि त्या केंद्राचे नेतृत्व कोण करतो, कुणाच्या हिताने करतो, यावर आंबेडकरी तरुणांची नजर पाहिजे. यातला तिसरा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून जास्त जागा त्यालाच देणार आहे.

"प्रादेशिक" हा शब्द महाराष्ट्राला नवा नाही. राज्यात चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत: नागपूर १८६४ चे, रत्नागिरी १८८६ चे, ठाणे १९०१ चे आणि येरवडा १९१५ चे. चारही इंग्रजांच्या काळातली. सोलापूरच्या माणसाचा प्रदेश म्हणजे येरवडा, अडीचशे किलोमीटर लांब. येरवडा हे गावाचे नाव न राहता आपल्या भाषेत शिवी होऊन बसले आहे. "याला येरवड्याला पाठवा" म्हणून आपण हसतो. त्या हसण्यामागे शंभर वर्षांची भिंत आहे. १९९९ साली राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने देशातल्या ३७ मनोरुग्णालयांची पाहणी प्रसिद्ध केली, तेव्हा त्यातली कित्येक अजून तुरुंगाच्याच नकाशावर उभी असल्याचे दिसले. सोलापूरकरांना असे "सुधारणेचे" कुंपण काय असते ते वेगळे सांगायला नको. गुन्हेगार जमाती कायद्याखाली इथेच माणसांना तारेच्या आत कोंडून हजेरी घेतली जात होती आणि त्या जागेला सरकारी भाषेत सेटलमेंट म्हणत होते.

म्हणून आपल्या माणसाला "मेंदूवर उपचार" हे शब्द ऐकून धडकी भरते, त्यात त्याचे काही चुकत नाही. या उपचाराचा जन्मच मुळात कसा झाला ते बघा. एप्रिल १९३८, रोम. चेर्लेत्ती आणि बिनी या दोन डॉक्टरांनी माणसाला पहिला विजेचा शॉक दिला. कत्तलखान्यात डुकरांना विजेने बेशुद्ध करतात हे चेर्लेत्तीने पाहिले होते. आणि पहिला रुग्ण कोण? कुणी सरदार-दरकदार नव्हता. रेल्वे स्टेशनवर भरकटलेल्या अवस्थेत पोलिसांना सापडलेला एक अनोळखी माणूस. त्याची संमती कुणी विचारली नाही. नवीन प्रयोगाला आधी बेवारस माणूस लागतो आणि प्रयोग यशस्वी झाला की पहिली खोली पैसेवाल्याला मिळते, हा वैद्यकशास्त्राचा जुना रिवाज आहे.

आपल्याकडेही कितीतरी वर्षे भूल न देता थेट शॉक दिले गेले. हात-पाय चार जणांनी धरायचे, तोंडात बोळा कोंबायचा आणि बटण दाबायचे. झटका इतका जोरात येई की हाड मोडायची, मणका दबण्याची भीती असे. ज्यांनी आईला, भावाला असे पाहिले त्यांना "आता तसे राहिले नाही" हे सांगून पटत नाही. पुण्यात भार्गवी दावर यांनी आपल्या आईच्या नावाने बापू ट्रस्ट काढला आणि या प्रकाराविरुद्ध वर्षानुवर्षे आवाज उठवला. दावर यांची सगळी भूमिका मला मान्य आहे असे नाही, त्यावर पुढे येतो. पण रुग्णाच्या बाजूने उभे राहून डॉक्टरला जाब विचारता येतो, हे त्यांनी दाखवले. आपल्या चळवळीने हे काम त्यांच्या आधी करायला हवे होते, असे मला वाटते.

मग कायदा आला. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७. तो २९ मे २०१८ पासून लागू झाला. या कायद्याचे कलम ९५ आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ पाहिजे, जसे अॅट्रॉसिटीचे कलम ३ पाठ असते. भूल आणि स्नायू सैल करणारे औषध दिल्याशिवाय शॉक देणे बेकायदा. अल्पवयीन मुलाला पालकांची संमती आणि मंडळाची आधी घेतलेली परवानगी या दोन्ही असल्याशिवाय शॉक देणे बेकायदा. मानसिक आजारावरचा उपचार म्हणून नसबंदी बेकायदा. कोणत्याही प्रकारे साखळदंडात ठेवणे बेकायदा. कलम ९४ सांगते की "तातडीची वेळ होती" ही सबब पुढे करूनही शॉक देता येणार नाही. हे कागदावरचे शब्द आकाशातून पडलेले नाहीत. ६ ऑगस्ट २००१ ला तमिळनाडूत एरवाडी इथे दर्ग्याजवळच्या एका आश्रमाला आग लागली आणि खांबांना साखळीने बांधलेली २८ माणसे पळता न आल्यामुळे जळून मेली. त्याच्या आधी, १९९४ साली, आपल्या महाराष्ट्रात, शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या बौद्धिक दिव्यांग मुलींना पुण्याच्या ससूनमध्ये नेऊन त्यांची गर्भाशये काढली गेली. कारण काय, तर पाळीच्या दिवसांत त्यांची स्वच्छता राखणे अवघड जाते. संमतीचा प्रश्न किती जिवावरचा असतो ते यावरून समजून घ्या.

आता आजचे उपचार म्हणजे नेमके काय, ते सरळ भाषेत सांगतो, कारण अज्ञानावर दोघांचे फावते, भोंदूचेही आणि धंदेवाल्याचेही.

पहिला जुनाच शॉक, ज्याला ईसीटी म्हणतात. आज तो नीट दिला तर रुग्ण भुलीत असतो, स्नायू सैल केलेले असतात, शरीर फारसे हलतही नाही. मेंदूत काही सेकंदांची आकडी आणली जाते. आठवड्यातून दोन-तीन वेळा, साधारण सहा ते बारा वेळा. जो माणूस खाणेपिणे सोडून भिंतीकडे तोंड करून पडला आहे, जो आठ दिवसांत जाणार अशी घरच्यांना भीती आहे, त्याच्यासाठी हा अजूनही लवकर गुण देणारा उपचार आहे. नुकसान काय? स्मरणशक्तीवर परिणाम होतो. काहींचा तात्पुरता, काहींच्या आयुष्यातले मागचे काही महिने पुसट होतात. हे आधी सांगितलेच पाहिजे. "काही होत नाही, सही करा" म्हणणारा डॉक्टर कायदा मोडतो आहे.

दुसरा, चुंबकाचा उपचार, आरटीएमएस. १९८५ साली इंग्लंडमधल्या शेफील्डमध्ये अँथनी बार्कर यांनी याचे यंत्र बनवले. अमेरिकेत डिप्रेशनसाठी त्याला २००८ साली मान्यता मिळाली. यात भूल नाही, आकडी नाही. माणूस खुर्चीत जागा बसतो, कपाळाच्या वर डाव्या बाजूला तारेचे वेटोळे टेकवतात, टकटक टकटक असा आवाज होतो आणि चुंबकाच्या झटक्यांनी मेंदूच्या त्या भागातल्या पेशी जाग्या केल्या जातात. किती जोर लावायचा हे ठरवायची रीत मोठी गमतीची आहे: आधी वेटोळे मेंदूच्या दुसऱ्या जागी धरून हाताचा अंगठा आपोआप उडेपर्यंत जोर वाढवतात, आणि त्या मापावर उपचाराचे माप बेततात. सत्र संपले की माणूस उठून कामावर जाऊ शकतो. डोके दुखते, क्वचित आकडी येते. डोक्यात धातूचा तुकडा किंवा कानात बसवलेले यंत्र असेल तर हा उपचार चालत नाही. दोन-दोन औषधे पुरेशा मात्रेत देऊनही ज्यांना उतार पडत नाही, अशांपैकी साधारण निम्म्यांना याने ठळक फरक पडतो. जादू नाही. पण निम्मे म्हणजे थोडेथोडके नव्हेत.

तिसरा, टीडीसीएस. एक-दोन मिलिअँपिअरचा अगदी बारीक प्रवाह वीस-तीस मिनिटे. यंत्र स्वस्त, खोक्याएवढे. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये कानात आवाज येणाऱ्या स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांवर याचे बरेच काम झाले आहे. पण डिप्रेशनसाठी याचा पुरावा अजून एकमताचा नाही. २०२३ साली जर्मनीतल्या मोठ्या चाचणीत खोट्या यंत्रापेक्षा जास्त फायदा दिसला नाही. हे मुद्दाम सांगतो. उद्या सरकार म्हणेल, "ग्रामीण भागासाठी आम्ही स्वस्त यंत्र दिले", आणि आपण टाळ्या वाजवू. गरिबाला बॅटरी आणि श्रीमंताला चुंबक, ही नवी वर्णव्यवस्था आपल्याला चालणार नाही.

चळवळीतला सगळ्यात गंभीर आक्षेप आता घेतो. तो टोमणा नाही, विचार आहे, म्हणून उत्तरही विचाराने द्यायला पाहिजे. आक्षेप असा: "आपल्या पोरांना डिप्रेशन मेंदूच्या बिघाडामुळे येत नाही, जातीमुळे येते. रोहित वेमुला १७ जानेवारी २०१६ ला गेला तो कुठल्या रसायनाच्या कमतरतेने गेला? पायल तडवी २२ मे २०१९ ला मुंबईत गेली, तिच्या मृत्यूवर जातीवरून छळ केल्याच्या आरोपाचा खटला उभा राहिला. दर्शन सोळंकी १२ फेब्रुवारी २०२३ ला पवईच्या आयआयटीत गेला. आजार समाजाला आहे आणि यंत्र तुम्ही आमच्या डोक्याला लावता?"

हा आक्षेप अर्धा खरा आहे आणि त्या अर्ध्या सत्यासाठी मी कुणाशीही भांडायला तयार आहे. बाह्यरुग्ण विभागात पोरगा सांगतो की होस्टेलवर आडनाव विचारून ताट वेगळे ठेवतात, आणि केसपेपरवर लिहिले जाते "उदास वाटणे, झोप कमी". जात केसपेपरवर येतच नाही. ती आली पाहिजे. कलम १८ म्हणते की उपचारात जातीवरून भेदभाव होता कामा नये. पण ज्या गोष्टीची नोंदच नाही, त्यातला भेदभाव सिद्ध करणार कसा?

पण उरलेला अर्धा भाग चुकीचा आहे, आणि तो कसा चुकीचा आहे हे सोलापूरच्या माणसाला तरी कळायला हवे. आपल्या आज्या-आया विड्या वळत आल्या. तंबाखूच्या धुरळ्यात, खोकत, पाठीचा कणा वाकवून. आपले आजोबा गिरणीत सूत आणि फुफ्फुसात कापूस ओढत होते. त्यांना टीबी झाला तो दारिद्र्यामुळे, मालकामुळे, दहा बाय दहाच्या खोलीमुळे. हे सगळ्यांना ठाऊक होते. म्हणून कुणी म्हटले का, की टीबीची गोळी घेऊ नका, आधी मालकशाही घालवा? गोळ्याही घेतल्या आणि संपही केले. गोळ्या घेतल्या म्हणून तर संपाला उभे राहता आले. जातीने जखमी झालेला मेंदू हा खरोखरचा मेंदू असतो, त्याची झोप खरोखर जाते, भूक खरोखर मरते. त्याला बरे करणे म्हणजे जातीला माफी देणे नव्हे. पोर जिवंत राहिले तर लढेल. गेलेल्या पोराचा फोटो आपण फ्लेक्सवर लावतो, आणखी काय करतो?

बाबासाहेबांचा या बाबतीतला विचार इतका स्पष्ट आहे की आश्चर्य वाटते. १९४५ च्या 'काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले' या ग्रंथात गांधीवादाचा समाचार घेताना ते यंत्रविरोधाची चिरफाड करतात. दोष यंत्राचा नाही, यंत्राचा लाभ मूठभरांच्या खिशात घालणाऱ्या समाजरचनेचा आहे, हा त्यांचा मुद्दा. यंत्र मोडू नका, रचना बदला. आणि व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खात्याचे काम पाहताना १९४३ साली विजेच्या धोरणावर बोलताना त्यांनी प्रश्न कोणता मांडला? वीज सरकारी मालकीची असावी की खाजगी, आणि ती स्वस्त व मुबलक कशी होईल. तीच वीज आज खुर्चीशेजारच्या यंत्रात आली आहे. प्रश्न तोच आहे. मालकी कुणाची, दर काय, मिळणार कुणाला?

आता नेतृत्वाकडे येतो. केंद्र चालवणे म्हणजे फीत कापणे आणि पाटीवर नाव असणे, अशी आपली समजूत आहे. हिशोब करून बघू. जुन्या पद्धतीने चुंबकाचे एक सत्र ३७ मिनिटांचे. बसवणे, मोजणे धरून पाऊण तास. आठ तासांत दहा माणसे. प्रत्येकाला आठवड्यातले पाच दिवस, सहा आठवडे, म्हणजे तीस सत्रे. वर्षाला अशा आठ फेऱ्या. दहा गुणिले आठ, ऐंशी. एक यंत्र, एक वर्ष, ऐंशी माणसे.

२०१८ साली कॅनडातल्या डॉक्टरांनी एक मोठी चाचणी प्रसिद्ध केली. ३७ मिनिटांच्या ऐवजी झटक्यांची मांडणी बदलून ३ मिनिटांचे सत्र दिले, तरी गुण तेवढाच येतो. बसवण्या-उठवण्यासह पंधरा मिनिटे धरा. दिवसाला तीस माणसे, वर्षाला दोनशे चाळीस. यंत्र तेच, खोली तीच, वीजबिल तेच, माणसे तिप्पट. कुठली पद्धत वापरायची हा निर्णय केंद्राचा प्रमुख घेतो. खाजगीत सत्रामागे पैसे असतात, तिथे तीस सत्रांचे पॅकेज हेच उत्पन्न असते. सरकारी केंद्राचा प्रमुख तोच हिशोब डोक्यात घेऊन बसला तर ऐंशी माणसे होतील. रांगेत उभ्या असलेल्या माणसाचा हिशोब घेऊन बसला तर दोनशे चाळीस. तुम्ही याला तांत्रिक बाब म्हणा, मी याला राजकारण म्हणतो.

आणि गरज किती? निम्हान्सने २०१५-१६ साली केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात प्रौढांमध्ये डिप्रेशनचे प्रमाण २.७ टक्के निघाले. (त्या सर्वेक्षणाच्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हताच, हे जाता जाता.) सोलापूर जिल्ह्याची २०११ ची लोकसंख्या ४३ लाख. त्यात प्रौढ २८ लाख धरले तर ढोबळ हिशोबाने पंचाहत्तर हजार माणसे. त्यातल्या शंभरात एकालाच यंत्राची गरज लागली तरी साडेसातशे. जागा ऐंशी. मग ऐंशीत कोण बसणार? ज्याच्याकडे आमदाराची चिठ्ठी आहे, ज्याचा मेव्हणा मंत्रालयात आहे, ज्याला इंग्रजीत यंत्राचे नाव सांगता येते. विडी वळणारी बाई त्या यादीत शेवटून पहिली. म्हणून प्रतीक्षायादी भिंतीवर लागली पाहिजे, नावे झाकून, क्रमांकाने. शिधावाटप दुकानाच्या फळ्यावर साठा लिहायला लावतो तसे.

समजा ती बाई यादीत आली. करमाळ्याहून सोलापूर सव्वाशे किलोमीटरच्या पुढे, अक्कलकोटहून चाळीस. सलग सहा आठवडे रोज येणार कशी? रोजच्या विड्या बुडाल्या की घरात चूल बंद. "फुकट उपचार" हे शब्द तिच्यासाठी थट्टा आहेत. अमेरिकेत २०२२ साली मान्यता मिळालेली एक पद्धत आहे, त्यात दिवसाला दहा सत्रे याप्रमाणे पाच दिवसांत सगळा उपचार उरकतात. त्याला मेंदूचे खास चित्रण लागते, आज उद्या सोलापुरात होईल असे मी म्हणत नाही. पण पाच-सात दिवस दाखल करून, जेवण देऊन, सोबतच्या माणसाला झोपायला जागा देऊन उपचार उरकण्याचा विचार गरिबासाठी सोयीचा आहे, आणि आपली सगळी सरकारी आरोग्य योजना दाखल रुग्णावरच बेतलेली आहे. आयुष्मान भारतच्या उपचार-यादीत ईसीटी आणि टीएमएस ही दोन्ही नावे आहेत. योजनेचे कार्ड आपल्या वस्तीत घरोघर आहे. त्या कार्डावर या उपचारासाठी किती माणसे दाखल झाली, हे विचारायला आपल्यातला एकही जण आजवर खिडकीपाशी गेला का? आणि कार्ड नसले तरी अडत नाही. कलम १८ प्रमाणे दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला, कार्ड असो वा नसो, सरकारी ठिकाणी मानसिक उपचार मोफत मिळणे हा हक्क आहे. मेहेरबानी नव्हे.

नेतृत्व म्हणताना फक्त मनोविकारतज्ज्ञ डोळ्यासमोर आणू नका. भूलतज्ज्ञ नसेल तर कायदेशीर ईसीटी होत नाही, आणि सरकारी रुग्णालयात भूलतज्ज्ञ आधी बाळंतपणाला आणि अपघाताला पळतो. चुंबकाचे यंत्र रोज चालवतो तो प्रशिक्षित तंत्रज्ञ किंवा परिचारिका. घरी जाऊन "ताई, आज का आला नाहीत" विचारते ती समाजसेविका. यातली एक कडी तुटली की यंत्रावर कापड टाकून ठेवतात. सरकारी रुग्णालयांत कापड टाकलेली यंत्रे आपण कमी पाहिली आहेत का? ही पदे कंत्राटी भरायची नाहीत, कायम भरायची, बिंदुनामावलीप्रमाणे भरायची, ही मागणी आपणच लावून धरायला हवी. कंत्राटी पदात आरक्षण गायब होते आणि सहा महिन्यांत शिकलेला माणूसही गायब होतो.

आणि कायद्याने जागा ठेवली आहे तिथे आपली माणसे बसली पाहिजेत. मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळात जिल्हा न्यायाधीशाबरोबर दोन सदस्य हे स्वतः मानसिक आजारातून गेलेले, त्यांची देखभाल करणारे किंवा या क्षेत्रातल्या संस्थांचे प्रतिनिधी असावेत अशी तरतूद आहे. दक्षता समित्यांवर आपण भांडून जागा घेतो. इथे मात्र आपला अर्जही नसतो.

पैशाचे विचाराल तर तेही सांगतो, आणि हे आपल्या मंडळांना झोंबणार आहे. जिल्ह्यात अनुसूचित जातींची लोकसंख्या साधारण १५ टक्के. त्या प्रमाणात जिल्हा नियोजनात अनुसूचित जाती उपयोजनेचा निधी येतो. तो जातो कुठे? पेव्हर ब्लॉक, गटार, समाजमंदिर, कमान. मागतो कोण? आपणच मागतो. पुढाऱ्याला कमान सोपी, ठेकेदाराला कमान सोपी, आणि आपल्याला कमानीवर नाव दिसते म्हणून आपणही खूश. बुधवार पेठेतल्या, फॉरेस्टमधल्या, नव्या-जुन्या सगळ्या वस्त्यांतल्या पोरांना माझे सांगणे आहे: १४ एप्रिलच्या मिरवणुकीत डॉल्बीवर जेवढा पैसा एका रात्रीत उडतो, त्याचा हिशोब एकदा मांडा आणि एका परिचारिकेच्या प्रशिक्षणाचा खर्च विचारून या. मिरवणूक बंद करा असे मी म्हणत नाही. ती आपली ताकद आहे. पण ताकद दाखवून मागायचे काय, हे तरी ठरवा.

दोन शब्द आपल्या इतर उपायांविषयी. सोलापूरच्या अंगणात अक्कलकोट, पलीकडे गाणगापूर. "बाहेरचे झाले आहे" म्हणून गाणगापूरला नेलेली, आरतीच्या वेळी खांबाला लटकणारी माणसे पाहिली नाहीत असा सोलापूरकर विरळा. त्यात आपलीही माणसे असतात, बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरांतली. नरेंद्र दाभोलकरांचा खून २० ऑगस्ट २०१३ ला झाला आणि मग जादूटोणाविरोधी कायदा आला; भूत काढण्यासाठी मारणे, दोरीने-साखळीने बांधणे हा आता गुन्हा आहे. पण अंगारा काढून घेतला तर हातात काय ठेवणार? सिव्हिलच्या मानसोपचार विभागाचा पत्ता तरी ठेवा. आणि दुसऱ्या टोकाला आपले सुशिक्षित बंधू, जे प्रत्येक दुःखावर "दहा दिवस विपश्यनेला जा" सांगतात. धम्मात मनाच्या अभ्यासाला मोठे स्थान आहे, मलाही त्याचा आधार वाटतो. पण विपश्यना केंद्रे स्वतःच गंभीर मानसिक आजार असलेल्यांनी शिबिराला येऊ नये असे सांगतात. केंद्राला जे कळते ते आपल्या प्रचारकाला का कळू नये?

बापू ट्रस्टसारख्या मंडळींशी माझा मतभेद इथे आहे. जबरदस्तीला त्यांचा विरोध शंभर टक्के बरोबर. पण शॉकवर सरसकट बंदी मागितली की खाजगीत तो चालूच राहतो आणि बंद होतो तो फक्त सरकारी दवाखान्यातला, म्हणजे आपला. बंदीपेक्षा कॅमेऱ्याखाली, भुलीसह, लेखी संमतीने, मराठी-कानडी-तेलुगूत समजावून दिलेला उपचार मी पसंत करेन. कायद्याने आणखी एक हत्यार दिले आहे, ते वापरा: आगाऊ निर्देश. उद्या माझी समज हरपली तर मला कोणता उपचार द्यावा आणि कोणता देऊ नये, माझ्या वतीने कोण बोलेल, हे आज शुद्धीत असताना लिहून ठेवण्याचा हक्क. वस्तीतल्या दहा जणांचे निर्देश एका रविवारी विहारात बसून लिहून घेता येतात. वकील आपल्यात आहेतच.

कुणाला आजच मन आवरत नसेल, मरणाचे विचार येत असतील, तर केंद्र होईपर्यंत थांबू नका. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास मोफत आहे आणि मराठीत बोलतात.

आणि ज्यांना काम करायचे आहे त्यांनी या आठवड्यात माहिती अधिकाराचा एक अर्ज टाकावा. वैद्यकीय महाविद्यालयाच्या जनमाहिती अधिकाऱ्याच्या नावे, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. विचारायचे एवढेच: मागच्या तीन वर्षांत ईसीटीची किती सत्रे झाली आणि त्यातल्या किती सत्रांना भूलतज्ज्ञाची सही आहे, चुंबकाचे यंत्र कधी घेतले, किती दिवस चालले, किती दिवस बंद, मानसोपचार विभागातली मंजूर पदे किती, भरलेली किती, कंत्राटी किती, आयुष्मान आणि फुले योजनेतून या उपचारांचे किती दावे पाठवले, किती मंजूर झाले. तीस दिवसांत उत्तर आले तर ते घेऊन अधिष्ठात्यांना भेटू. नाही आले तर पहिले अपील कसे लिहायचे त्याचा नमुना माझ्याकडे तयार आहे.

जयभीम.